ग्राइंडरचं गार्ड

माझ्या वडिलांचे फॅब्रिकेशनचे दुकान होते. आठवीत असताना मी गार्ड नसलेल्या ग्राइंडरने लोखंडी अँगल कापत होतो. कापताना हात जरा तिरका झाला आणि चकती फुटली! तुकडा कानाजवळून गेला. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गार्ड मीच काढलं होतं रे."

आज वर्गात सांगतो: चकतीवर छापलेला आरपीएम मशीनपेक्षा कमी नको. कटिंगच्या पातळ चकतीने घासायचे नाही. लोखंड व्हाइसमध्ये घट्ट धरा, गॉगल लावा. नवी चकती बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळी फिरवा. कापताना जोर लावू नका. मुलं आपलं बघूनच शिकतात. घरी ग्राइंडर असेल तर आजच बघा, गार्ड जागेवर आहे ना?