तोरण्याची दुसरी रात्र

गेल्या फाल्गुनांत भोरास एका आप्ताकडे मुंजीचें बोलावणें होतें. कार्य आटोपल्यावर चिरंजीव, सूनबाई व नातू यांसह हिरडस मावळांतून कानद खोऱ्यांत, म्हणजे वेल्ह्यास, जाण्याचा योग आला. हा सर्व मुलूख १९४८ सालापर्यंत भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत असे, आणि संस्थानचे तालुकेसुद्धां राजगड, प्रचंडगड, विचित्रगड अशा गडांच्याच नांवांनीं ओळखले जात. प्रचंडगड म्हणजेच तोरणा. सकाळीं निघून काठीच्या आधारानें सावकाश चढत आम्ही बिनी दरवाजा गाठला, तेव्हां ऊन चांगलेंच तापलें होतें. पुढें मेंगाई देवीचें दर्शन घेऊन सावलींत टेकलों. पूर्वेस राजगड दिसत होता.

नातवानें विचारलें, “आजोबा, शिवाजीमहाराजांनीं हा गड घेतल्यावर पुन्हां तो कोणी घेतलाच नाहीं का? तुम्ही शाळेंत काय शिकवीत होतां?”

प्रश्न साधा, पण मी निरुत्तर झालों. स्वराज्याचें तोरण येथें बांधलें गेलें, हें मीं तीस वर्षें रंगवून सांगितलें. परंतु तोरण्याची दुसरी हकीकत एकदांही सांगितली नव्हती. ती तेथेंच त्यास सांगितली. वाचकांसही थोडक्यांत सांगतों.

राजाराममहाराज १७०० सालीं निवर्तले व राज्याचा भार ताराबाईंनीं उचलला. वृद्ध औरंगजेब स्वतः एकेक गड घेत फिरूं लागला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे गड त्यानें घेतले खरे. पण पुष्कळ ठिकाणीं दीर्घ वेढ्यानंतर किल्लेदारांस द्रव्य देऊनच ते हातीं आले. मराठे पावसाळाभर मोगलांस झुंजवीत, द्रव्य घेऊन गड सोडीत आणि संधि साधून परत घेत. १७०३ चा पावसाळा पुण्यास काढून बादशहा राजगडाकडे वळला. तोफा व सामान नेण्यास डोंगरांतील वाट अगोदर खणून नीट करावी लागली. डिसेंबरांत वेढा पडला. फेब्रुवारी १७०४ च्या आरंभीं पहिला दरवाजा पडला. तरी आंतील लोक आणखी सुमारें दहा दिवस लढले व मग रात्रीं निघून गेले.

त्यानंतर तोरण्याची पाळी आली. १० मार्च १७०४ च्या रात्रीं अमानुल्लाखान नांवाचा सरदार दोरांच्या शिड्यांनीं कडा चढला. मागून आणखी फौज वर आली, कापाकापी झाली व गड पडला. लांच न देतां केवळ तलवारीच्या जोरावर मिळालेला म्हणून या विजयाचें मोगलांस फार कौतुक. राजगडास ‘नबीशाहगड’ व तोरण्यास ‘फुतूहुल्गैब’, म्हणजे अदृष्टांतून लाभलेले विजय, अशीं नांवें दिलीं गेलीं.

परंतु त्या रात्रीं खानाबरोबर प्रथम वर चढलेले वीस-पंचवीस लोक कोण होते? मोगलांच्या चाकरींतले मावळे! या कड्यांवर अंधारांत चढणें दुसऱ्या कोणास साधणार?

नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे वरचेही आपले, आणि चढणारेही आपलेच?”

“होय बाळ,” एवढेंच मला म्हणतां आलें. याच एका शब्दासाठीं मीं तीस वर्षें ही हकीकत टाळली असावी.

पुढील भाग मात्र आनंदानें सांगितला. १७०७ सालीं अहमदनगराजवळ बादशहानें देह ठेवला आणि राजगड त्याच सालीं परत आला. तोरणा तर चार वर्षांच्या आंत सरनोबत नागोजी कोकाटे यानें असेच लोक वर चढवून परत घेतला. ज्या विद्येनें गड गेला, त्याच विद्येनें तो आला. अंतर होतें तें केवळ ती कोणाच्या कामीं लागली याचें.

आज तेथें त्या रात्रीची खूण म्हणावी असें आमच्या दृष्टीस कांहींच पडलें नाहीं. वारा आणि करवंदीच्या जाळ्या तेवढ्या आहेत. उतरल्यावर वेल्ह्याच्या बाजारांत दोघांतिघांस ‘फुतूहुल्गैब’ हें नांव विचारलें. तें कोणाच्या कानींही आलेलें नव्हतें. २०२५ सालीं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाहीं. त्याचें वैषम्य नको; कानद खोऱ्यास तोरण्याची ओळख यादीवरून पटवावी लागत नाहीं.

पण घरांतील मुलांस गड दाखवावयास नेणाऱ्या वडीलधाऱ्यांस एक विनंती आहे. जय सांगतां, तसा पराजयही सांगावा. आणि आपलीं माणसें दुसऱ्याच्या दोरानें कां चढलीं, हा प्रश्न मुलांनीं विचारल्यास तो टाळूं नये. परत येतांना नातवानें मोटारींत तोच प्रश्न मला पुन्हां विचारला. पोटासाठीं, वतनासाठीं, कीं आपसांतील वैरासाठीं, याचा विचार आम्ही दोघे नसरापूर येईपर्यंत करीत होतों.