चाकावरच्या घराची काच

मैत्रिणींनो, आपली गाडी गॅरेजमध्ये गेली की आपण रिक्षा करून घरी येतो, कुकर लावतो आणि दोन दिवस बसने फिरतो. पण घरच गाडीत असेल तर? ओटा, शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, सगळं एका लांबलचक गाडीत. अमेरिकेत याला मोटारहोम म्हणतात. तिकडची कितीतरी निवृत्त जोडपी अख्खी थंडी अशा गाडीत काढतात, आणि मुलांकडे जाणाऱ्या आपल्यातल्या काहीजणींनाही हल्ली हा प्रवास घडतो. तुम्हाला घडलाच, तर आतले पडदे नि कपाटं मागाहून बघा. आधी पुढची काच बघा. आपल्या दिवाणखान्याच्या खिडकीहून मोठी असते ती!

आम्ही ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला निघालो होतो. फिनिक्सहून दहा नंबरच्या हमरस्त्याने पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटर. एरवी जेमतेम काही हजार वस्तीचं वाळवंटी गाव. पण जानेवारीत बघावं तर नजर पोहोचेल तिथवर मोटारहोम उभ्या. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात राहुट्या पडाव्यात तसंच दृश्य, फक्त इथलं वाळवंट खरंखुरं. सरकारी मोकळ्या जमिनीवर लोक गाडी लावतात, समोर चटई अंथरतात, खुर्च्या मांडतात. पाणी आपलं आपण आणायचं, सांडपाणीही आपलं आपण न्यायचं. संध्याकाळी डोंगर जांभळे होतात आणि हात वर करून उभे राहिलेले निवडुंग काळे दिसू लागतात, तेव्हा खरंच हातातलं काम ठेवून बाहेर यावंसं वाटतं.

गावात एक समाधी आहे, ती चुकवू नका. अमेरिकन सैन्याने सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर 1856 साली आलेला उंटवाला इथं चिरविश्रांती घेतो आहे. नाव हाजी अली! आपल्या मुंबईचीच आठवण झाली मला. तिथल्या लोकांच्या जिभेवर नाव बसेना, म्हणून त्याचं झालं 'हाय जॉली'. 1902 मध्ये तो वारला. दगडांचा लहानसा पिरॅमिड आहे नि त्याच्या टोकावर धातूचा उंट.

तर ती काच. वाटेत पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेला वाटाण्याएवढा टवका गेला. लेकीने लगेच टवक्याशेजारी नाणं धरून फोटो काढला. मला तेव्हा ते पोरकट वाटलं. वाळवंटातली रात्र मात्र कडाक्याची थंड असते. पहाटे हीटर लावला, काच आतून तापली, बाहेरून गारच राहिली, आणि टवक्यातून निघालेली रेघ बघता बघता कडेला पोहोचली. लहान टवका राळेसारखा पातळ द्रव भरून अर्ध्या तासात बुजवता येतो, आणि पुष्कळ विमा कंपन्या त्याचे सगळे पैसेही देतात, कारण नव्या काचेपेक्षा ते स्वस्त पडतं. लांब रेघेला मात्र नवी काचच लागते. ही काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. त्यामुळे ती तडकली तरी खाली पडत नाही. पण रेघ वाढतच राहते.

विमा कंपनीला फोन केला, तर काचेचं काम बघणारी कंपनी वेगळीच निघाली. बाई मोठ्या गोड बोलत होत्या. पहिलाच प्रश्न, खडा लागला की काच आपोआप तडकली? मोटारहोमचा सांगाडा चालताना पिळतो आणि त्यानेही काच जाते. मग ती झीज समजून पैसे नाकारता येतात. इथं तो नाण्याचा फोटो उपयोगी पडला! मग त्यांनी परस्पर फिनिक्सच्या एका दुकानाची वेळही ठरवून टाकली.

"तिथेच जायचं बंधन आहे का?" लेकीने विचारलं.

जरा थांबून उत्तर आलं, "नाही."

बहुतेक राज्यांत दुकान निवडायचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. विचारल्याशिवाय कुणी तो सांगत नाही, इतकंच. त्या दुकानाला फोन केला तेव्हा कळलं, त्यांचा दरवाजा आमच्या साडेबारा फूट उंच गाडीला बुटका. गाडी दोन-तीन दिवस बाहेर त्यांच्या अंगणात सोडायची. मग आम्ही झोपायचं कुठं? हॉटेलचा खर्च पॉलिसीत नव्हता. क्वार्ट्झसाइटलाच जागेवर येऊन काच बसवणारा कारागीर होता, त्याने कंपनीकडून लेखी मंजुरी मागवली आणि मगच काच मागवली.

शेजारचं जोडपं फ्लोरिडाचं. त्यांच्या राज्याच्या कायद्याने अशा विम्यात पुढच्या काचेसाठी पदरचं काही भरावं लागत नाही. आमची पॉलिसी टेक्सासची, तीत पहिले पाचशे डॉलर आपले. खडा कुठे लागला ते महत्त्वाचं नाही, पॉलिसी कुठली ते महत्त्वाचं. मुलांना एवढं जरूर विचारून ठेवा. आपल्याकडे काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तेव्हा साध्या मोटारीची काच बदलतानाही दोन्ही रकमा मांडून बघाव्यात.

बाराव्या दिवशी लाकडी खोक्यात काच आली. ट्रकवाला सहीची घाई करत होता. कारागिराने शांतपणे आधी खोकं उघडलं. कोपरा गेलेला! काच तशीच परत. दुसरी यायला आणखी नऊ दिवस. फुकटच्या सरकारी जागेत चौदा दिवसच राहता येतं, म्हणून मुक्काम हलवून परवान्याच्या जागेत गेलो. काचेला आतून चादर लावली होती, तिच्याआड मी रोज पोळ्या लाटत होते.

जुनी काच निघाली आणि खाली चौकटीला गंज दिसला. तो म्हणाला, यावर नवी काच बसवली तर वर्षात तडकेल. कंपनी म्हणाली, गंज खड्याने आलेला नाही. दोघांचंही खरं! जावयांनी तेवढ्यापुरतं वेगळं बिल करायला सांगून गंज घासून, रंग देऊन घेतला. काचेच्या बिलात तो मिसळला असता तर सगळंच अडकून पडलं असतं.

बसवणं मात्र बघण्यासारखं. काचेला रबराची जाड गोट, गोटेच्या खाचेत दोरी ओवलेली, अगदी परकरात नाडी ओवतात तशी. साबणाचं पाणी लावून दोघांनी बाहेरून काच दाबून धरली आणि तिसरा आतून दोरी हळूहळू ओढू लागला. दोरी सुटत गेली तशी गोटेची कड चौकटीवर चढत गेली.

मग त्याने बाहेरून पाण्याची नळी सोडली. मी आतून कडेकडेने वर्तमानपत्राचे कागद धरत फिरले, खालचे दोन्ही कोपरे दोनदा तपासले. कागद कोरडे निघाले, तेव्हा जावयांनी सही केली.