हॉक, हार्ले आणि ग्रुपवरचं टॅरिफ

मंडळी, गेल्या शनिवारी माझी होंडा हॉक विकली. 1989चं मॉडेल. तेव्हापासून गॅरेजमध्ये जायचं टाळतोय. त्यात आपल्या ग्रुपवर टॅरिफवरून जुंपलीय, म्हणून लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

"रेगननं कर लावला म्हणून हार्ले वाचली, आपणही तेच करायला हवं," असं एकानं लिहिलंय. अर्धंच खरं आहे हो ते. 1983 मध्ये अमेरिकेनं 700 सीसीवरच्या आयात मोटारसायकलींवर जादा 45 टक्के कर बसवला, पाच वर्षांत उतरत जाणारा. जपान्यांनी काय केलं? 750ची इंजिनं 700च्या आत बसवली आणि खुशाल विकली. हार्लेनं मात्र त्या काळात कारखान्याची घडी बसवली आणि 1987 मध्ये, मुदतीच्या वर्षभर आधी, कर काढा म्हणून स्वतःच सांगितलं. आपल्याकडे असं कधी कोणी म्हणाल्याचं ऐकलंय?

हॉक आली 1988ला, म्हणजे कर उठल्यावर. 647 सीसीचं व्ही-ट्विन, ॲल्युमिनियमची चेसिस, फेअरिंग नाही, सगळं इंजिन उघडं. मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं बघणारा हमखास थांबायचा. किंमत 3,995 डॉलर. आणि घेतली कोणी? फारसं कोणीच नाही. जवळपास तेवढ्याच पैशात चार सिलिंडरची, फेअरिंगवाली, जास्त ताकदीची सीबीआर 600 मिळायची. 1991 नंतर अमेरिकेत हॉक बंद. पुढे 1993 मध्ये डुकाटीनं मॉन्स्टर आणली, तीही उघडी व्ही-ट्विनच, आणि ती धो-धो चालली. म्हणजे हॉकला कुठल्या सरकारनं मारलं नाही. लोकांना नको होती, बस्स.

मी ती 1998ला जुनी घेतली, चौदाशे डॉलरला. नवीनच आलो होतो, बायको बोलायची बंद झाली होती. दोन वर्षांनी बाबा आले. त्यांनी पुण्यात स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेली. नंबर लागला तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि शाळेत मला डबलसीट सोडायचं त्यांचं राहूनच गेलं. हॉकची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "इथे घ्यायला माणूस नाही म्हणून गाडी पडून. आमच्याकडे गाडी नाही म्हणून माणूस पडून." मग तासभर तिच्याभोवती फिरत होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

ग्रुपवर स्वदेशीचा विषय निघाला की मला तो नंबर आठवतो. माझा कराला सरसकट विरोध नाही. पण संरक्षण द्यायचं तर मुदत घालून द्या. (आणि सौदे सगळेच करतात. 2007 मध्ये आपला हापूस अमेरिकेत आला तेव्हा बदल्यात हार्लेला भारताचं दार उघडलं. आंबा लासलगावला विकिरण करून यायचा. पेटीची किंमत विचारू नका.)

आता कंबर साथ देत नाही. गाडी घ्यायला पंचविशीतली एक मुलगी आली. तिनं टाकी उघडून टॉर्चनं गंज बघितला, चोक ओढला, दुसऱ्या प्रयत्नात गाडी चालू. घासाघीस अजिबात केली नाही. बाबांचा फोटो किल्लीच्या पाकिटात होता, तो मात्र मी आधीच काढून ठेवला होता.