फुप्फुसांना सवड

४ मार्च, ॲन आर्बर
पहाटे लेकीला मुलगी झाली. रडण्याआधीच श्वासनलिकेत नळी घातली, दुसरी पोटात. मास्कने हवा दिली की आतडी फुगतात, आणि हिची आतडी छातीत. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीपासून ठाऊक होतं. तरी बघून पाय लटपटले.

५ मार्च
उजव्या हाताला ऑक्सिजन ८४, पायाला ६८. नायट्रिक ऑक्साइड देऊन पाहिला. उपयोग नाही. दुपारी जावयांनी सही केली. एक्मो, म्हणजे शरीराबाहेरून रक्ताला ऑक्सिजन देणारं यंत्र.

६ मार्च
मानेत उजवीकडे दोन नळ्या. काळपट रक्त बाहेर येतं, यंत्रातून लालभडक होऊन आत जातं. छाती जेमतेम हलते. फुप्फुसांना मुद्दाम विश्रांती दिलीय. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, आणि त्यामुळेच रोज टाळूवरून सोनोग्राफी, मेंदूत रक्तस्राव तर नाही ना. आज नाही.

७ मार्च
अंग सुजलंय. लेक दर तीन तासांनी दूध काढते, बाटलीवर तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवते. "आई, कुणाला पाजायचं गं हे?" एकदाच म्हणाली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

८ मार्च
पाचवी. घरीच दिवा लावला.

९ मार्च
यांचा साताऱ्याहून फोन. "आता बरी होईल ना यंत्रानं?" यंत्र बरं करत नाही. छाती-पोटामधल्या पडद्याचं भोक तसंच आहे, डावं फुप्फुस इवलंसंच. फुप्फुसातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होईपर्यंत यंत्र वेळ काढून देतं, एवढंच. हे सांगताना माझाच आवाज गेला.

१० मार्च
नर्स म्हणाली, १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. बार्टलेट यांनी एक्मोवर पहिलं नवजात बाळ वाचवलं. पुढे ते इथेच मिशिगनला आले. त्यांना मनातून नमस्कार केला.

११ मार्च
यंत्रात गुठळी. ऑक्सिजनेटर बदलला. कुणी झोपलं नाही.

१३ मार्च
यंत्राचा प्रवाह कमी करून पाहिला. तग धरला!

१४ मार्च
मानेतल्या नळ्या काढल्या.

१५ मार्च
बारसं राहिलं. लेकीने कानात नाव सांगितलं.

१७ मार्च
ऑपरेशन. आतडी, प्लीहा खाली आणली. पडद्याला गोअरटेक्सचं ठिगळ.

२६ मार्च
व्हेंटिलेटर आहे अजून. नळीतून आईचं दूध, ५ मिली.
भाचसुनेला पाचवा महिना. तिला फोन केला. अगं, विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवू नकोस. बाळाच्या छातीत काही वेगळं दिसलं, तर बाळंतपण गावात नको. नवजात बाळांचा व्हेंटिलेटर आणि लहान मुलांचे सर्जन आहेत, तिथेच जा.