शस्त्रक्रियागृहातील परिचारिका

शस्त्रक्रियागृहात, म्हणजे रोजच्या बोलीतल्या ओटीत, एका शस्त्रक्रियेसाठी किमान दोन परिचारिका लागतात. स्क्रब नर्स हात धुऊन, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे चढवून सर्जनजवळ उभी राहते. हत्यारांची ट्रॉली तिच्या ताब्यात असते. फ्लोअर नर्स बाहेरून टाके, सलाइन, जादा मॉप (रक्त टिपण्याचे कापडी पॅड) पुरवते आणि नोंदी ठेवते. निर्जंतुक वस्तूला फ्लोअर नर्सचा हात लागत नाही. स्क्रब नर्सचा हात बाहेरच्या कशालाही लागत नाही.

दिवसाची सुरुवात तपासणीने होते. टेबल, दिवे आणि ट्रॉल्या ओल्या फडक्याने पुसल्या जातात. सक्शन, कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारे यंत्र) आणि टेबलाची हालचाल पाहिली जाते. हत्यारे आणि कपडे ऑटोक्लेव्हमधून आलेले असतात. तिथे 121 अंश सेल्सिअसला, 15 पौंड दाबाखाली साधारण 15 ते 20 मिनिटे वाफ द्यावी लागते. 134 अंशांना काही मिनिटे पुरतात. पाकिटावरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्या झाल्या, की ते पाकीट वाफेतून गेले एवढेच कळते. पाकीट ओले, फाटके किंवा मुदत उलटलेले असेल तर ते परत जाते, मग केस कितीही घाईची असो.

निर्जंतुकता डोळ्यांना दिसत नाही, आणि या कामाची सारी अवघड बाजू त्यातच आहे. गाऊनचा छातीपासून कमरेपर्यंतचा पुढचा भाग आणि कोपराच्या थोडे वरपर्यंतच्या बाह्याच निर्जंतुक धरल्या जातात. पाठ नाही, टेबलाच्या पातळीखाली लोंबणारी चादरही नाही. हातमोज्याचे टोक दिव्याच्या दांड्याला निसटते लागले, तर बहुधा ज्याचे त्यालाच कळते. अशा वेळी लगेच बोलून मोजा बदलायचा, हा नियम आहे. शंका आली की वस्तू दूषितच धरायची. कोणी पाहत नसतानाही हा नियम पाळणे हेच या व्यवसायाचे खरे शील होय.

या हातमोज्यांच्या इतिहासातही एक परिचारिका आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्याबरोबर काम करणाऱ्या कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडने सोलवटली. हॉल्स्टेड यांनी 1889-90च्या सुमारास गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करून घेतले. परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी आलेले मोजे पुढे रुग्णाच्या रक्षणासाठी अनिवार्य झाले.

रुग्ण आत आला की त्याचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, संमतिपत्र, ॲलर्जी आणि उपाशी असल्याची खात्री केली जाते. कवळी, बांगड्या, जोडवी उतरवली जातात. अंगावर धातू राहिला तर कॉटरीच्या वेळी भाजण्याचा धोका असतो. भूल चढल्यावर हात अवघडला, टाच दबली, हे रुग्ण सांगू शकत नाही. म्हणून कोपर, टाच, गुडघ्याची बाहेरची बाजू यांखाली गादी दिली जाते आणि हात बाजूला 90 अंशांपलीकडे नेला जात नाही, नाहीतर खांद्याजवळच्या नसा ताणल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली तयार केलेली तपासणी यादी तीनदा वाचली जाते: भुलीआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी. ती वाचताना सगळ्यांनी हातातले काम थांबवावे अशी अपेक्षा असते.

हत्यार देण्यात अनुभव दिसतो. रक्तवाहिनीला आर्टरी फोर्सेप्स लागला, की पुढे बांधायला धागा लागणार हे ओळखून तो तयार ठेवायचा. नीडल होल्डरमध्ये सुई टोकापासून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर पकडलेली असावी. हत्यार तळहातात ठामपणे बसावे, म्हणजे सर्जनला जखमेवरची नजर काढावी लागत नाही. ब्लेड मात्र किडनी ट्रेमधून देणे सर्वांत सुरक्षित.

मोजणी हे सर्वांत जबाबदारीचे काम. मॉप, गॉज, सुया आणि हत्यारे छेदाआधी, पोकळी बंद करण्याआधी आणि त्वचेच्या टाक्यांच्या वेळी मोजली जातात. दोघी मिळून, मोठ्याने, एकेक वस्तू पाहून मोजतात. आकडा फळ्यावर लिहिला जातो. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा असतो. रक्ताने भिजलेले मॉप उलगडून ठेवले जातात. त्यामुळे एकात दुसरा गुंडाळलेला नाही हे कळते आणि भूलतज्ज्ञाला रक्तस्रावाचा अंदाज येतो. आकडा जुळला नाही तर सर्जनला तिथल्या तिथे सांगून टाके थांबवायचे, जखम, चादरी, जमीन, बादल्या तपासायच्या आणि तरीही न सापडल्यास एक्स-रे काढायचा. ज्येष्ठ सर्जनला ‘थांबा’ म्हणणे नव्या परिचारिकेला जड जाते. पण तो तिचा अधिकार आहे, आणि चांगल्या ओटीत तो मानला जातो.

शेवटी काढलेला ऊतींचा नमुना सहसा 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, नाव लिहून जातो. जंतुतपासणीचा किंवा फ्रोझन सेक्शनचा (गोठवून लगेच तपासायचा) नमुना फॉर्मलिनमध्ये घालायचा नसतो. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेले गॉज पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया-ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात पडतात. हत्यारांचे सांधे उघडून ती धुतली जातात, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोहोचत नाही. रिकव्हरीत रुग्ण सोपवताना झालेली शस्त्रक्रिया, ड्रेन, कॅथेटर, रक्तस्राव आणि ॲलर्जी तोंडी सांगून नोंदवली जाते. जुळलेल्या मोजणीखाली दोघींच्या सह्या झाल्या, की त्या केसची नोंद पूर्ण होते.