निकाली

आजोबा तरुणपणी तालमीत होते, पुढे सोलापुरातच गिरणीत लागले. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. नव्वदच्या दशकात घरी केबल आली आणि आम्ही पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफला चिकटलो. ट्रम्प कार्डांवरची छाती-दंडांची मापं तोंडपाठ होती. अंडरटेकरला सात जन्म असतात, याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती. आजोबा मागून म्हणायचे, "नुरा हाय रे ती. आधीच ठरलेली." आणि तरी शेवटपर्यंत बघायचे.

आता भाचा मोबाइलवर यूएफसी बघतो. "मामा, हे खरंय. तुमच्यासारखं नाटक नाही."

मी त्याला ब्रॉक लेस्नरचं उदाहरण देतो. २००० साली अमेरिकेत कॉलेज कुस्तीचा विजेता, मग डब्ल्यूडब्ल्यूईत ठरवलेल्या हार-जितीचा नायक आणि २००८ साली रँडी कुटूरला हरवून यूएफसीचा हेवीवेट विजेता. माणूस एकच. त्याच्या मागोमाग कितीतरी प्रेक्षकही रिंगमधून पिंजऱ्याकडे गेले. खुद्द भाचाही तसाच आहे. २०२३ साली आपल्या मोहोळचा सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा त्याची कुस्ती यानेच पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

खऱ्या-खोट्याचा हा वाद आपल्याकडे नवा नाही. जत्रेच्या पत्रकावर 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असं छापतात. निकाली हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बरोबरीत सुटलेल्या कुस्तीवर लोकांचा संशय असतो.

शेवटच्या आजारपणात आजोबांनी मला सांगितलं की एका जत्रेत त्यांनीही नुरा कुस्ती केली होती. समोर तालमीतलाच मित्र. बरोबरी ठरलेली, इनाम निम्मंनिम्मं. "लोकं उठून टाळ्या वाजवत हुती. मला वर बघवंना." त्यानंतर त्यांनी लंगोट बांधला नाही.

म्हणजे टीव्हीसमोर बसून ते आमची चेष्टा करत नव्हते. पडणाऱ्याला किती लागतंय, तेवढंच त्यांना ठाऊक होतं.

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे खोटीच कुस्ती ना?"

"हो. खांदा त्याच कुस्तीत निखळला."

त्याने मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, "मग त्या मित्राचं काय झालं?" ते मी आजोबांना कधी विचारलंच नव्हतं.