दोन चपट्या पिनांचा देश

टोकियोतील हॉटेलच्या खोलीत आपण रात्री उशिरा पोहोचता. दिवसभराच्या विमानप्रवासाने पाय जड झालेले असतात. औषधे घेऊन होतात. आता श्रवणयंत्र चार्जिंगला ठेवायचे आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचे सीपॅप यंत्र उशाशी मांडायचे, एवढेच उरते. तेवढ्यात भिंतीकडे लक्ष जाते. आपल्या ओळखीची तीन गोल छिद्रे तेथे नाहीत. आहेत त्या दोन उभ्या, अरुंद फटी. ज्यांची रात्र त्या यंत्राच्या आधारानेच पार पडते, त्यांच्यासाठी हा प्रश्न मोबाइलच्या चार्जिंगपुरता राहत नाही.

म्हणून या प्रवासाची तयारी आपल्या घरातच, दिवसाउजेडी आणि चष्मा लावून करावी. प्रत्येक चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ या शब्दापुढे काही आकडे असतात. आपल्याकडील वीज 230 व्होल्टची, जपानची 100 व्होल्टची. चार्जरवर ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर तो दोन्हीकडे चालतो. मोबाइलचे, श्रवणयंत्राचे आणि बहुतेक सीपॅप यंत्रांचे चार्जर अशाच प्रकारचे असतात. त्यांना केवळ पिनांचा आकार बदलणारा ॲडॅप्टर पुरतो. दुकानदार त्याला ‘युनिव्हर्सल’ म्हणतो. शब्द मोठा भारदस्त आहे, पण तो ॲडॅप्टर विजेचा दाब तसूभरही बदलत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

खरी अडचण येते ती उष्णता देणाऱ्या आणि मोटरवर चालणाऱ्या वस्तूंची. गुडघ्यांसाठी आपण विजेवरची शेकाची पिशवी बरोबर घेता. 230 व्होल्टसाठी बनवलेली ती पिशवी 100 व्होल्टवर पाचव्या हिश्श्याहूनही कमी शक्तीने तापते. म्हणजे कोमट होण्याची वाट पाहता पाहता डोळा लागतो. ती घरीच ठेवावी. जपानी दुकानांत ‘काइरो’ नावाच्या, हवा लागताच आपोआप गरम होणाऱ्या छोट्या पुड्या थंडीत सर्रास मिळतात. मात्र त्या कपड्यावरूनच लावाव्यात आणि झोपताना काढून ठेवाव्यात. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पायांना लावूच नयेत. त्वचा भाजते आणि कळतही नाही.

नेब्युलायझरची गोष्ट अधिक गंभीर. घरोघरी असतो तो घरघर आवाज करणारा कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर बहुधा 230 व्होल्टचाच असतो आणि तो तेथे नीट चालत नाही. दमेकऱ्याच्या वाट्याला हा शोध मध्यरात्री येऊ नये. बॅटरीवर चालणारा लहान नेब्युलायझर किंवा स्पेसरसह इनहेलर आपल्याला चालेल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सीपॅप यंत्राची भिंतीकडची वायर पुष्कळदा सुटी करता येते. त्याच यंत्राला बसणारी, चपट्या दोन पिनांची वायर विक्रेत्याकडून मिळाल्यास ॲडॅप्टरची लटपट टळते. जाड प्लगची तिसरी पिन मोडून तो फटीत बसवण्याचा उद्योग कोणी करू नये. यंत्र सामानात न टाकता हातातच ठेवावे. पॉवर बँक तर विमानात हातातील पिशवीतच न्यावी लागते.

आणखी एक फसगत. अनेक हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत किल्लीचे कार्ड ठेवले तरच खोलीतील वीज सुरू राहते. श्रवणयंत्र चार्जिंगला लावून आपण कार्डासह न्याहारीला जाता, आणि परत येता तेव्हा ते होते तसेच असते. चार्जिंग रात्रीच करावे. जुन्या पद्धतीच्या जपानी निवासात गादी जमिनीवर अंथरतात आणि सॉकेट दूर कोपऱ्यात निघतो. चपट्या पिनांची लांब वायर तेथे उपयोगी पडते. ती भिंतीकडेने न्यावी, रात्री स्वच्छतागृहाकडे जाण्याच्या वाटेत नव्हे.

टोकियोहून ओसाकाकडे जाताना उजव्या खिडकीत फुजी पर्वत येतो आणि डबाभर मोबाइल वर होतात. त्याच वेळी गाडी फुजी नदी ओलांडत असते. या नदीच्या आसपास देशातील विजेची जातच बदलते: पूर्वेस 50 हर्ट्झ, पश्चिमेस 60. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे आणली, ओसाकाने अमेरिकन; तो भेद आजही मिटलेला नाही. 2011 च्या भूकंपानंतर पश्चिमेकडची वीज पूर्वेला हवी तेवढी देता आली नाही, ती यामुळेच. आपल्या ‘50/60’ लिहिलेल्या चार्जरला मात्र नदी ओलांडल्याचा पत्ताही लागत नाही.

ओसाकात पायांना मालिश करणारे यंत्र पाहून मोह होतो. खोक्यावर फक्त 100 व्होल्ट लिहिलेले असेल, तर ते पुण्यात आणून भिंतीला लावताच जळेल. मोठ्या दुकानांत परदेशी विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा वेगळा विभाग असतो. तेथे चौकशी करावी, आणि पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचे आकडे बरोबरच्या मुलासुनेकडून एकदा वाचून घ्यावेत.